बारूदखान्यावरचा संसार

दर मंगळवारी संध्याकाळी पंडितराव वाव्हळ्यांचा घसा बसायचा, आणि का बसायचा हे आमच्या गल्लीला काही केल्या उमगत नव्हतं.

घसा कुणाचाही बसतो. शेजारच्या दत्तोपंतांचा आरत्या म्हणून बसतो, त्यांच्या विमलकाकूंचा दत्तोपंतांना हाका मारून बसतो. पण पंडितराव हा असा माणूस, की उरलेल्या सहा दिवसांत त्यांच्या तोंडून चार शब्द ऐकल्याचं सांगणारा गल्लीत सापडला नसता. दूधवाल्याला मान, पेपरवाल्याला मान, नातीला मान, 'जेवलात का' विचारणाऱ्याला दोनदा मान. आणि अशा माणसाचा घसा बसतो! सून सुकेशनी शाळेत पोरांवर ओरडून स्वतः दमून आलेली असायची, तरी आधी मिठाचं कोमट पाणी करून द्यायची. "मामा, गुळण्या करा." मामा मान हलवायचे आणि मोरीवर जाऊन गुळण्या करायचे. आठवडाभरातला त्यांचा सगळ्यात मोठा आवाज तोच.

विमलकाकू ओट्यावर तांदूळ निवडता निवडता त्या आवाजाकडे कान लावत. खरं तर लावावा लागत नाही, काकूंचा कान कायमच लावलेला असतो. एका मंगळवारी पंडितरावांची बायको रुख्मिणीबाई शेजारी येऊन शेंगा सोलायला बसल्या आणि काकूंना राहवलं नाही.

"रुख्मिणीबाई, एक विचारू? राग मानू नका हं."

"विचारा की."

"तुमचे हे मंगळवारचे जातात कुठं?"

"फिरायला जात असतील."

"फिरायला म्हणून कुणी झरीच्या गाडीत चढतं का? आमच्या ह्यांनी स्टँडावर डोळ्यांनी पाहिलं."

"झरीच्या पुढंच आमची जुनी वस्ती व्हती. खदानीवर."

"मग आता तिथं कोण आहे?"

"कोन असतंय! दोन-चार घरं ऱ्हायली असतील."

"अस्सं." काकूंनी एक खडा काढून लांब भिरकावला. "म्हणजे त्या दोन-चार घरांतल्या कुणाशी तरी इतकं बोलणं होतं, की घसा बसावा."

एवढं बोलून काकू पुन्हा तांदळात शिरल्या. त्यांना काही म्हणायचं नव्हतं. त्यांना कधीच काही म्हणायचं नसतं.

रुख्मिणीबाईंनी शेंगा सोलल्या, दाणे सालीत टाकले आणि साली वाटीत. दुसऱ्या बाईचा संशय त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. पासष्टीच्या, एका कानानं पार बहिऱ्या नवऱ्याला कोण नेतंय! पण बोलणं? बाई असती तर एक वेळ परवडलं असतं, असं पुढं त्या स्वतःच म्हणाल्या. बोलणं मात्र त्यांच्या हक्काचं होतं. दोन वर्षं ज्याच्यासाठी त्या झुरत होत्या, ते हा माणूस एसटीचं तिकीट काढून दुसऱ्या कुणाला तरी नेऊन देत होता.

हक्काचं कसं, हे कळायला आधी खदान माहीत पाहिजे.

झरीच्या पुढं डांबरी सोडून कच्च्या वाटेनं आत गेलं, की काळ्या दगडाची ती जुनी खदान. निजामाच्या राज्यात रुळांखाली टाकायची खडी तिथनं निघाली, असं म्हातारी माणसं सांगायची. पुढं ठेकेदार बदलत गेले आणि खड्डा खोल होत गेला. त्या खड्ड्याच्या तळाला, एका कड्याच्या पायथ्याशी बारूदखाना. सुरुंगाचा माल ठेवायची दगडी कोठी. भिंती अशा जाड, की खिडकीच्या कोनाड्यात माणूस झोपावा. छप्पर मात्र हलक्या पत्र्याचं. कधी काही झालंच तर धडाका आभाळाकडं जावा, आजूबाजूची माणसं घेऊन जाऊ नये, म्हणून जुन्या लोकांनी केलेली युक्ती. आत दोन खोल्या. एकीत जिलेटिनच्या कांड्या, दुसरीत त्या उडवायच्या केपा. दोघींची गाठ पडू द्यायची नाही. दाराच्या बिजागऱ्या पितळेच्या, कारण लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी उडते. आणि भोवती चुना फासलेल्या धोंड्यांचं रिंगण. रिंगणाच्या आत विडी नाही, काडेपेटी नाही, खिळे मारलेली चप्पल नाही, आणि राखणदार सोडून दुसरं माणूस नाही.

राखणदार पंडित. सकाळी खड्ड्यात उतरला की अंधार पडेपर्यंत रिंगण सोडायची मुभा नाही. अंधारात रात्रपाळीचा राखणदार यायचा, मग पंडित घरी. घरी आला की हातपाय धुऊन भाकर खायचा आणि पाठ टेकायच्या आत घोरायला लागायचा. सकाळी पुन्हा खड्ड्यात.

आता अशा माणसाच्या बायकोनं बोलायचं कधी? रुख्मिणी लग्न करून आली तेव्हा आठवडाभर तिनं घोरणं ऐकलं. आठव्या दिवशी दुपारची भाकर घेऊन कड्यावर गेली. खाली जायला बंदी, म्हणून भाकरीची दुरडी दोरानं खाली सोडली. ती बरोबर रिंगणाच्या कडेला टेकली. पंडितनं दुरडी घेतली आणि जेवायला बसला. ती वर कड्यावर बसली आणि तिथनंच बोलायला लागली. बोलायला म्हणजे ओरडायला. तेवढ्या खोल दुसरं काय पोचणार?

खड्डा असा, की वरचा शब्द खालच्या माणसाला मिळायचाच, शिवाय समोरच्या कड्यावर आपटून पलीकडच्या वस्तीतही घरोघरी पोचायचा. त्यामुळं या दोघांचा संसार सगळ्या वस्तीनं ऐकला. नुसता ऐकला नाही, त्यात भागही घेतला.

"ओऽ सिदूचे बाबाऽ! तुमच्या बहिनीला नुसती चोळी करायची, का लुगडं घ्यायचंऽ?"

"घे की लुगडंऽ!"

आणि पलीकडून भाकरी थापता थापता सरजाबाई: "लुगडं नको गं रुख्मेऽ! मागल्या साली तिनं तुला काय दिलं व्हतं?"

ह्याच्यावर वस्तीत दोन तट पडायचे. संध्याकाळपर्यंत हापशावर त्याचा निकाल लागायचा, आणि पंडितच्या बहिणीला काय मिळणार हे बहिणीच्या आधी हापशाला कळायचं.

भांडणं तर काय विचारता! घण मारणारे गडी घण खाली ठेवून ऐकायचे. सिदूच्या, म्हणजे मुलाच्या सिद्धोधनच्या वेळी तिला दिवस गेले, तेव्हा ते तरी नवऱ्याच्या कानात सांगावं असं तिच्या फार मनात होतं. पण रात्री तो झोपलेला आणि दुपारी तो खड्ड्यात. शेवटी सांगितलं ओरडूनच. पंडित भाकरीचा तुकडा हातात धरून उभाच राहिला. त्याला काही सुचायच्या आत वस्तीत गूळ वाटून झाला होता. आणि एकदा, फक्त एकदाच, तो आपणहून खालनं ओरडला होता, "आजची भाकर लय गोड लागली गंऽ!" त्या एका वाक्यावर वस्तीतल्या बायकांनी तिला वर्षभर पाण्याला जाऊ दिलं नाही धड.

असं सगळं आयुष्य गेलं. जवळ असणं म्हणजे झोपणं आणि लांब असणं म्हणजे बोलणं, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होऊन गेली. सुरुंगांनी पंडितचा डावा कान नेला आणि उजवा अर्धा ठेवला. पण कड्यावरचा आवाज त्या अर्ध्या कानात बरोबर शिरायचा. त्याला तो सोडून दुसरा आवाज फारसा लागतही नव्हता.

मग खदान बंद पडली. घरांना तडे जातात म्हणून लोकांनी आरडाओरडा केला, परवाना पुढं वाढला नाही, ठेकेदारानं माल हलवला, खडीचा क्रशर हलवला. वस्ती पांगली, कुणी पुण्याकडं गेलं, कुणी मानवतला जिनिंगवर. सिद्धोधन परभणीत कचेरीत कारकून. त्यानं आईवडलांना आपल्या घरी आणलं. नवं घर, चकचकीत फरशी, हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, ओट्यावर गॅस. सून गुणाची. सासूला आत्याबाई म्हणते आणि सकाळचा चहा हातात आणून देते. आता याच्यावर तक्रार करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील?

पहिल्याच दुपारी रुख्मिणीबाईंनी नवऱ्याला ताट वाढलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथनं सवयीनं विचारलं, "ओऽ सिदूचे बाबाऽ! मीठ लागलं काऽ?"

दत्तोपंत अर्धी दाढी केलेले, गालावर साबण, तसेच धावत आले. "काय झालं? कोण पडलं?" विमलकाकू त्यांच्या मागं. समोरच्या घरातले दोघं फाटकापर्यंत. काही झालं नाही, मिठाचं विचारलं, हे समजावता समजावता सिद्धोधनचा चेहरा लाल झाला. सुकेशनी काही वावगं बोलली नाही. सगळे गेल्यावर एवढंच म्हणाली, "आत्याबाई, इथं हळू बोललं तरी चालतं. भिंत एकच आहे ना आपली."

त्या दिवसापासून रुख्मिणीबाई हळू बोलायला लागल्या. हळू बोललेलं त्या अर्ध्या कानात शिरेना. पंडितराव "आं?" म्हणायचे. त्या पुन्हा सांगायच्या. ते पुन्हा "आं?" म्हणायचे. मग नात हसायची. मुलानं कानाचं यंत्र आणलं, पण ते कानात गेलं की शिट्टी मारायचं, म्हणून कपाटात गेलं. हळूहळू पंडितरावांनी 'आं' सोडलं आणि मान हलवायला सुरुवात केली. रुख्मिणीबाईंना वाटलं, रुसला. त्यांनीही सोडलं. दोन पलंग शेजारी शेजारी, मधे हातभर जागा, आणि त्या हातभर जागेतून दोन वर्षांत एक शब्द पलीकडं गेला नाही.

आणि आता काकू सांगत होत्या, की हा माणूस कुठंतरी जाऊन घसा बसेपर्यंत बोलतो!

पुढच्या मंगळवारी पंडितराव पायजमा-सदरा आणि टोपी घालून निघाले, तशा रुख्मिणीबाईंनी सुनेला सांगितलं, "जरा विमलबाईसंगं बाजारात जाऊन येते." विमलकाकूंना सांगितलं, "सुनेसंगं दवाखान्यात जाऊन येते." दोन्ही घरं गाफील ठेवून त्या स्टँडावर पोचल्या.

पंडितराव गाडीत पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. ह्या तोंडावर पदर ओढून शेवटच्या सीटवर. कंडक्टर आला.

"मावशी, कुठं?"

त्यांनी हळूच पुढं बोट केलं. "ते टोपीवाले जिथं उतरतील तिथं."

कंडक्टरनं एकदा पुढं पाहिलं, एकदा मागं पाहिलं. "भांडलाव वाटतं?"

"तिकीट दे गुमान."

त्यानं तिकीट दिलं, पण झरी येईपर्यंत तो आरशात बघून हसत होता.

खदानीच्या फाट्यावर पंडितराव उतरले. मागच्या दारानं ह्या उतरल्या आणि बाभळीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. तो टोपीचा ठिपका तुरीच्या रानातनं पुढं गेला, तेव्हा ह्या निघाल्या. वाटेवर वस्ती. वस्ती म्हणजे काय, चार भिंती उभ्या, बाकीच्या आडव्या. एका दारात शेळीला पाला घालत सरजाबाई बसलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"अगं माय! रुख्मी? शहरातली बाई वाट चुकली का?"

"हळू बोल. ते पुढं गेल्यात."

"त्याला काय ऐकू येतंय!" सरजाबाईनं तिला ओढून दगडावर बसवलं. "आलीस एकदाची. मी म्हनलं, येतीस का न्हाई या जन्मात."

"सरजे, खरं सांग. ते कुनाशी बोलतात?"

सरजाबाईनं शेळीपुढं पाला सारला. मग म्हणाली, "मला काय ईचारतीस? बस हितं, ऐक. आमी दर मंगळवारी ऐकतो. तसंच बोलायलाय, पहिल्यासारखं. फक्त मधी मधी तुझा आवाज नसतो."

रुख्मिणीबाईंना ते नीट कळलं नाही, किंवा कळलं आणि धरवलं नाही. त्या उठल्या.

"जा लवकर," सरजाबाई म्हणाली, "आता लय दिस न्हाईत. खदानीत कालव्याचं पानी सोडणार म्हनत्यात, मासे पाळायला. बारूदखानाबी जाईल त्याच्यात."

गुडघा धरत रुख्मिणीबाई कड्यावर गेल्या. घाणेरीच्या झुडपामागं बसून खाली पाहिलं. खड्डा होता तसाच. तळाला बारूदखाना, पत्र्यावर गंज चढलेला, धोंड्यांचा चुना बराचसा धुऊन गेलेला. आणि रिंगणात, भाकर खायला बसायचा त्याच जागी, पंडितराव. मान वर, पण डोळे मिटलेले. आणि बोलत होते. ओरडत होते!

"सुकेशनीनं नवी चादर आनलीऽ. फुलाफुलाची. मला काय तिच्यात झोप येत न्हाईऽ."

मग थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "हां, पोरीनं हौशीनं आनली, ते खरं हाय."

ते मधलं थांबणं रुख्मिणीबाईंसाठी होतं. त्यांना जेवढं बोलायला लागलं असतं तेवढी जागा सोडून, ते पुढं बोलत होते.

"रातीला तुझा गुडघा दुखतोऽ. तू कूस बदलतीस तवा मला कळतंय. तेल लावू का, असं ईचारायचं असतंय. पन ईचारलं, की तू हळू काय तरी म्हनशील. मला ऐकू यायचं न्हाई, मी आं म्हनीन. मानसानं किती डाव आं म्हनायचं?"

पुन्हा थांबले. कड्यावर बाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"तुला तिथं करमतंय. विमलबाईसंगं बसतीस, हसतीस. मला लांबनं दिसतंय. म्हनून मी काय बोलत न्हाईऽ. मला करमत न्हाई, ते माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." जरा थांबून ते म्हणाले, "तू म्हनशील, करमून घ्या. तू असंच म्हनशील."

आता आणखी काहीही सहन झालं असतं. दोन वर्षं न बोलणं सहन केलं, चोरून येणं सहन केलं. पण आपल्या तोंडी आपण न म्हटलेलं घालणं?

"मी कशाला म्हनंन असंऽ!"

समोरच्या कड्यानं ते पुन्हा म्हणून दाखवलं. पंडितरावांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. इतकी सवय, की त्यांनी खालनं तसंच विचारलं, "मंग काय म्हनशीलऽ?"

"वर बघाऽ! म्हनशील काय म्हनशील! म्हनायलेय मीऽ! वर बघा की ओऽ!"

पंडितरावांनी वर पाहिलं. बाई झुडपातनं बाहेर येऊन कड्यावर उभी होती, पदर खांद्यावर, कमरेवर हात. ते हळूहळू उभे राहिले.

"कवा आलीसऽ?"

"तुमच्याच गाडीतऽ!"

"एकलीच?"

"न्हाई, वाजंत्री लावून आले! कुनी सांगितलं तुमाला मला करमतंय म्हनून? कुनी सांगितलंऽ?"

"हसतीस की!"

"विमलबाई बोलते म्हनून हसते! तिला तोंड आवरत न्हाई, मी काय करू? ती मला ईचारते, तुमचे हे कुनाकडं जातातऽ!"

"मंग काय सांगितलंसऽ?"

"काय सांगू? मला तरी कुठं माहीत व्हतं!"

वस्तीच्या बाजूनं खुसखुसल्याचा आवाज आला. सरजाबाईनं शेळी सोडून दिली असणार.

दोन वर्षांचं सगळं त्या दुपारी निघालं. चादर निघाली, यंत्राची शिट्टी निघाली, दत्तोपंतांचा साबण निघाला. पंडितराव त्या साबणावर हसले. हसले ते इतके, की खाली बसले. रुख्मिणीबाईंना वरनं त्यांचे दात दिसले. वरचे दोन पडले होते, आणि ते कधी पडले ते त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या माणसाचे!

"गुडघा कसा हायऽ?" त्यांनी विचारलं.

"दुखतोय तर! कड्यावर चढून आले की मी!"

मग पंडितराव म्हणाले, "खाली येतीस का?"

"रिंगनात?"

"आता माल कुठाय? ये. तू बघितलाच न्हाईस कधी."

खरंच बघितला नव्हता. आयुष्यभर तिनं बारूदखान्याचं फक्त छप्पर पाहिलं होतं, आणि नवऱ्याचा टाळू. ट्रकांच्या जुन्या वाटेनं ती उतरली. धोंड्यांपाशी आल्यावर पाय आपोआप थांबले. तिनं चपला काढल्या, पदराच्या गाठीला काडेपेटी नाही ना ते चाचपलं आणि आत पाऊल टाकलं. पंडितराव दारात उभे होते. त्यांनी दार ढकललं. पितळेच्या बिजागऱ्या झिजून पिवळ्याधमक झालेल्या. दार उघडताना कसला आवाज आला नाही.

आत गार होतं. भर दुपारी अंगावर शहारा यावा इतकं गार. पंडितरावांनी हातानंच दाखवलं: ही कांड्यांची खोली, ही केपांची. दोन्ही रिकाम्या. भिंतीत एक कोनाडा होता आणि त्याच्या कडेचा दगड गुळगुळीत झाला होता, पाठ टेकून टेकून. हा इथं बसत होता तर. तिनं त्या दगडावर हात ठेवला.

मग दोघं दाराशी येऊन शेजारी शेजारी उभी राहिली. मधे हातभर जागा.

तिला बोलायचं होतं. एवढं सगळं आत्ताच तर बोलून झालं होतं, आणि अजून कितीतरी उरलं होतं. पण इतक्या जवळनं त्याचा चेहरा दिसत होता, सुरकुत्या, कानावरचे पांढरे केस, आणि तिला लाज वाटायला लागली. नव्या नवरीला वाटावी तशी. तोही आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"पाण्यात जानार हे," तो हळू म्हणाला.

"हं. सरजीनं सांगितलं," ती हळू म्हणाली.

"आं?"

तो मान हलवायला लागला. न ऐकलेल्या गोष्टीला मान. गल्लीतली मान. ती मान तिथंही, बारूदखान्याच्या दारात!

तिनं त्याच्या दंडाला हात लावला, बोटानं वर कड्याकडं दाखवलं आणि चपला घालून निघाली. तो तिला थांबवायला पुढं झाला नाही. त्यालाही कळलं होतं.

चढताना गुडघ्यानं तिला तीनदा बसवलं. शेवटच्या वळणावर तर वाटलं, इथंच बसावं, कशाला हा उद्योग. पण खालनं तो वर बघत होता, टोपी काढून, उन्हात. ती पोचली. झुडपाशेजारच्या दगडावर टेकली आणि श्वास सापडेपर्यंत नुसती बसली.

"पोचलीस काऽ?"

"पोचलेऽ!"

तेवढ्यानंच दोघांना बरं वाटलं.

"पानी सोडल्यावर कसं करायचं गंऽ?"

तिनं समोरच्या कड्याकडं पाहिलं. मधे एवढा मोठा खड्डा. तो पाण्यानं भरेल, निळा होईल, ह्यांचं छप्पर बुडेल.

"तुमी पल्याडच्या काठाला बसाऽ! मी हिकडं बसते!"

पंडितरावांनी वळून तो काठ बघितला, जसं काही आजच जागा धरून ठेवायची होती. मग पुन्हा वर पाहिलं.

"आनि घरीऽ?"

घरी एक भिंत होती आणि भिंतीच्या पलीकडं कान होते. घरी हातभर अंतर होतं, आणि हातभर अंतरावरून बोलायचं कसं ते दोघांपैकी एकालाही कुणी शिकवलं नव्हतं. खाली पंडितराव मान तिरकी करून उजवा कान वर धरून उभे होते.

"घरचं मला सुचंनाऽ," ती खरं तेच म्हणाली. "तुमी बोला. गाडीला येळ हाय अजून. तुमी बोलाऽ."

पंडितराव खाली बसले आणि त्यांनी गेल्या बुधवारपासून सुरुवात केली.